बिल्ल्याची तारीख

आमच्या धाराशिवात एखादा माणूस सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत प्लास्टिकची पिशवी मारून निघाला आणि "तारखेला चाललोय" म्हणाला, की पुढचं कुणी काही विचारत नाही. पिशवीत सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा असणार, भांडण बांधाचं असणार आणि केस वडिलांनी घातलेली असणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'तारीख' या शब्दावर आमच्याकडे कॅलेंडरपेक्षा कोर्टाचा कब्जा जुना आहे. वहिवाट सिद्ध झालेली आहे.

त्यामुळे निवृत्तीनंतर एकदा मी शेजाऱ्याला सहज म्हणालो, की हल्ली रोज सकाळी दोन तास तारीख काढत बसतो, तेव्हा त्याचा चेहरा एकदम हळहळला.

"कोणत्या कोर्टात हो, मास्तर?"

"कोर्टात नाही. जर्मन पोलिसांची."

"आरं देवा! तिथंबी जमीन घेतलीव का?"

तर खुलासा असा. मी जर्मन पोलिसांच्या बाहीवरचे बिल्ले जमवतो. बिल्ला म्हणजे ढालीच्या आकाराचा, तळहाताएवढा कापडाचा तुकडा. त्यावर त्या त्या राज्याचं चिन्ह, भरतकाम केलेलं किंवा विणलेलं. तो कोणत्या सालचा, हे त्याच्यावर कुठंही लिहिलेलं नसतं. ते शोधून काढायचं, याला मी तारीख काढणं म्हणतो. बायको याला रिकामपण काढणं म्हणते.

सुरुवात चॉकलेटपासून झाली. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्याच्या कितीतरी आधी माझा पुतण्या स्वतःच्या हिमतीवर त्याच राज्याच्या राजधानीत, स्टुटगार्टला, जाऊन पोचला होता. सुट्टीला येताना त्यानं सगळ्यांना चॉकलेटं आणली आणि मला, इतिहासाचा मास्तर म्हणून, तिथल्या जुन्या बाजारातून एक बिल्ला. मे महिना होता. सोलापुरात उतरून धाराशिवला येईपर्यंत चॉकलेटं पातळ झाली. ती आम्ही पोळीला लावून खाल्ली. बिल्ला तेवढा टिकला. पिवळ्या जमिनीवर एकाखाली एक तीन काळे सिंह, तिघांच्याही जिभा बाहेर. मला वाटलं, आमच्या उन्हानं झाल्या असतील.

"कधीचा रे हा?" मी विचारलं.

"विकणारा म्हणाला, खूप जुना आहे."

विकणाऱ्याच्या तोंडून 'जुना' शब्द निघाला, की आपण पाकीट खिशात आणखी खोल ढकलावं, एवढं शहाणपण मला तुळजापूरच्या यात्रेत 'शिवकालीन' अडकित्ता घेतल्यापासून आलेलं आहे. त्या अडकित्त्यावर पुढं राखेनं घासल्यावर 'मेड इन' एवढी अक्षरं उमटली होती. पण पोरानं हौसेनं आणलेलं, म्हणून मी भिंग घेऊन बसलो. मास्तर आणि भिंग एकत्र आले, की दुपारची झोप गेलीच म्हणून समजा.

जर्मनीत पोलीस हा आपल्यासारखाच राज्यांचा विषय. सोळा राज्यं, सोळा पोलीस आणि सोळा चिन्हं. बर्लिनचं अस्वल, ब्रेमेनची किल्ली, लोअर सॅक्सनीचा पांढरा घोडा, मेक्लेनबुर्गच्या बैलाचं तोंड, ब्रांडेनबुर्गचा लाल गरुड. पाहत गेलं की वाटतं, निवडणूक आयोगानं अपक्षांना चिन्हं वाटलीत. हेसेचा सिंह आडव्या तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा आणि थुरिंगियाचा सिंहही आडव्या तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचाच; फरक एवढाच, की थुरिंगियाच्या सिंहाभोवती आठ चांदण्या. दोघं एकाच जुन्या सरदार घराण्याकडून आलेले. भाऊबंदकीत घर वाटून घेतात, तसा यांनी सिंह वाटून घेतला. हे वाचल्यावर मला त्या देशाबद्दल आपुलकी वाटू लागली.

तारीख काढायची ती या वाटण्यांवरूनच. बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्यच मुळी १९५२ साली तीन राज्यं जोडून तयार झालं. म्हणजे ते नाव असलेला बिल्ला १९५२ च्या आधीचा असूच शकत नाही. मग विकणाऱ्यानं आईची शपथ घेतली तरी. सारलँड दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांच्या देखरेखीखाली होतं. ते १९५७ च्या पहिल्या जानेवारीला पश्चिम जर्मनीत आलं. पूर्व जर्मनीच्या 'लोकपोलिसां'चं धान्याच्या लोंब्या, हातोडा आणि कंपासपेटीतला कंपास असं चिन्ह होतं. १९९० च्या ऑक्टोबरात देशच गेला, त्यासोबत चिन्ह गेलं आणि तिथं पाच नवी राज्यं आली. सरहद्दीवरचं केंद्राचं दल १९५१ साली स्थापन झालं, ते २००५ साली नाव बदलून 'केंद्रीय पोलीस' झालं. शिवाय रंग. सत्तरीच्या दशकात सगळ्यांना शेवाळी हिरवा गणवेश आला. नव्या शतकात हॅम्बुर्गपासून निळ्याची सुरुवात झाली आणि बव्हेरिया अगदी सरतेशेवटी निळा झाला. म्हणजे हिरव्या कापडावरचा तो अलीकडचा आणि निळ्यावरचा तो परवाचा. माझ्या तीन सिंहांची जमीन पिवळी असली, तरी ढालीचं कापड हिरवं होतं. विकणाऱ्याचं 'खूप जुना' हे सत्तरीचं दशक आणि निळा गणवेश यांच्या मध्ये कुठंतरी येऊन बसलं. निळा आला तेव्हा पुतण्या शाळेत होता. पोराच्या दृष्टीनं तेही 'खूप जुनं'च.

एक पथ्य मी पहिल्या दिवसापासून पाळलं. १९३६ नंतरचे हिटलरच्या काळातले पोलिसी गरुड मी घेत नाही. एक तर घरात ते चिन्ह नको. जर्मनीतही फौजदारी कायद्याचं ८६-अ कलम ते चिन्ह मिरवायला मनाई करतं. आणि दुसरं, या छंदात सगळ्यात जास्त नकली माल त्याचाच. जिथं पाप आणि पैसा एकत्र येतात, तिथं कारागीर आपोआप तयार होतात.

इथवर अभ्यास झाला आणि मग मी नसता उद्योग केला: हे सगळं एके दिवशी बायकोला समजावून सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. तिनं बिल्ला हातात घेतला, पुढून बघितलाच नाही, सरळ उलटा केला, नखानं मागचे धागे जरा टोकरले आणि म्हणाली, "हे भरलेलं आहे, विणलेलं नाही. मागं कागद चिकटवलाय."

मी थक्क. कारण तारीख काढणाऱ्या मुरलेल्या लोकांचा पहिला नियम हाच, की आधी पाठ बघा. जुने चांगले बिल्ले मागावरच विणलेले असत. वुपरटाल गावच्या एका फीतवाल्या कारखान्याच्या नावावरून त्या विणीला 'बेवो' म्हणतात. त्यात उलट्या बाजूला चित्राची सावली दिसते, सोलापुरी चादरीच्या मागं दिसते तशी. नंतर मशीनवरचं भरतकाम आलं, कडेला गोफासारखी जाड शिलाई आली, मागं ताठपणासाठी अस्तर आलं, आणि हल्ली तर चिकटपट्टी, चर्रकन ओढली की बिल्ला हातात. ही विद्या मिळवायला मला सहा महिने लागले होते.

"तुला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? पैठणी आधी उलटीच बघायची असते. सुलटी काय, सगळ्याच चांगल्या दिसतात."

नवऱ्यालाही हाच नियम लावला होता का, हे मी विचारलं नाही.

दुसरी परीक्षा दिव्याची. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर धाग्यात आणि साबणात कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून एक रसायन घालू लागले. आपल्याकडं ते टिनोपाल म्हणून घरोघरी पोचलं. जांभळ्या दिव्याखाली धरलं, की ते रसायन असलेला धागा निळसर पांढरा चमकतो. म्हणजे १९३० सालचा म्हणून गळ्यात मारलेला बिल्ला जर या दिव्याखाली काजव्यासारखा पेटला, तर तो आपल्या पोरापेक्षाही धाकटा. असा दिवा विकत कशाला घ्यायचा? आमच्या मोंढ्यातल्या आडत दुकानात पाचशेच्या नोटा तपासायची पेटी असते, तिच्यात हाच दिवा. मी संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर तिथं जातो. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे मोजून झाले, की शेठ पेटी माझ्याकडं सरकवतात. चार शेतकरी आणि दोन हमाल भोवती उभे राहतात. मी एकेक बिल्ला दिव्याखाली धरतो आणि हमाल निकाल देतात: "चालतंय... चालतंय... हा बाद!"

याच दिव्यानं एकदा माझा घात केला. सारलँडमधले एक निवृत्त पोलीस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, हाच छंद करतात. त्यांची माझी पत्रं सुरू झाली. त्यांनी मला स्वतःच्या पेटीतला सारलँडचा अगदी सुरुवातीचा एक बिल्ला भेट पाठवला. लोकरीच्या कापडावर, सुती धाग्याचा, कड हातानं दुमडलेली. मी तो रात्री उशाला घेऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात दिव्याखाली धरला, तर भकाभका पेटला. हमाल एका आवाजात म्हणाले, "बाद!" मला ब्रह्मांड आठवलं. ऐंशीच्या घरातला सज्जन जर्मन माणूस, आयुष्यभर पोलिसात काढलेला, तो मला फसवील? मी रागारागानं घरी आलो आणि पत्राचा मसुदा करायला बसलो. "महोदय" लिहून झालं होतं. तेवढ्यात बायको म्हणाली, "तो तुमचा मळका बिल्ला सापडला का? उशीच्या अभ्र्यात होता. अभ्र्याबरोबर टाकला मी साबणात. बघा कसा लख्ख निघाला!"

साठ-सत्तर वर्षं जर्मन पावसात, धुरात आणि घामात जपलेला पुरावा आमच्या बादलीत एका दिवसात पांढरा झाला होता. त्या दिवसापासून मी कुठल्याही बिल्ल्याच्या चमकण्यावरून मालकाच्या इमानाचा निकाल देत नाही. आधी विचारतो, घरात कपडे कोण धुतं?

तिसरी परीक्षा जाळण्याची. कडेचा एक धागा उपसून काडी लावायची. सूत कागदासारखं जळतं, लोकर केसासारखी वास मारते आणि टेरिकॉटच्या जातीचा धागा वितळून त्याची कडक गोळी होते. ही परीक्षा अंतिम असते, कारण दोनचारदा केली की बिल्लाच उरत नाही.

मध्यंतरी एकाची कड उसवली, म्हणून मी तो सोलापूरला घेऊन गेलो. तुळजापुराहून सोलापूर तासाभराचं. आणि गणवेश शिवण्यात सोलापूरचा हात धरणारं गाव आसपास नाही. शाळेचे, रखवालदाराचे, दवाखान्याचे, सगळे गणवेश तिथं गठ्ठ्यानं निघतात. भरतकामाच्या कॉम्प्युटर मशीनवर बसलेल्या एका कारागिराला मी बिल्ला दाखवला आणि अदबीनं विचारलं, "तुमच्या अनुभवानं हा कितीएक वर्षांपूर्वीचा वाटतो?"

त्यानं बिल्ला मोबाईलखाली धरून फोटो काढला, बोटानं मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "पीस किती पाहिजेत? शंभर घेतले तर स्वस्त पडेल."

मी हात जोडले. त्यानं पुढं जे सांगितलं ते मात्र मी वहीत लिहून ठेवलंय: "काका, जुना पाहिजे असेल तर तसं सांगा. चहात बुडवून देतो."

इकडं गल्लीत वेगळीच बातमी पिकली होती. परदेशी तिकिटांची पाकिटं येतात, त्यात पोलिसांचे बिल्ले असतात, पुतण्या जर्मनीत असतो. तीन गोष्टींची बेरीज करून लोकांनी पुतण्याला जर्मनीचा फौजदार करून टाकलं. एका सकाळी एक गृहस्थ पोराला घेऊन आले. पोरगं पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावणाऱ्यांपैकी होतं. आमच्या जिल्ह्यात कोंबडं आरवायच्या आधी भरतीची पोरं पळायला लागतात. गृहस्थ म्हणाले, "उंची भरतीय, छाती फुगतीय, सोळाशे मीटर दमात काढतंय. तिकडं भरती निघाली की तेवढं नाव सांगा." मी म्हणालो, तिकडं जर्मन भाषा लागते. पोरगं पटकन म्हणालं, "सर, हितंबी पेपरला व्याकरणच अवघड जातंय."

शेवटी जे व्हायचं ते झालं. शेजारचे नाना, निवृत्त हवालदार, एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "मास्तर, हे जे करायलाव, त्याला एकशे एकाहत्तर लागतंय."

भारतीय दंड संहितेचं कलम १७१: सरकारी नोकर असल्याचा समज व्हावा म्हणून त्याचा पोशाख किंवा चिन्ह कपटानं वापरणं, तीन महिने कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. मी म्हणालो, "नाना, संहिताच बदलली. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली. आता दोनशे पाच कलम आणि दंड पाच हजारापर्यंत." नाना गप्प झाले. त्यांच्या तोंडून निघालेल्या एका आकड्यावरून त्यांच्या नोकरीची तारीख निघाली होती. बिल्ल्यांना लावतो तीच युक्ती माणसांनाही लागू पडते, हे मला तेव्हा कळलं. जो '४२०' म्हणतो तो जुन्या शिलाईचा. '३१८' म्हणेल तो नव्या.

नाना उठून गेले आणि थोड्या वेळानं एक कागदाची पुडी घेऊन आले. पुडीत दोन फिती होत्या, बाहीवर लावायच्या, उसवलेल्या.

"नाईक झालो तेव्हाच्या. तुमच्या त्या वहीत लावा."

"अहो, पण ही तुमची आठवण."

"पदच ऱ्हायलं न्हाई मास्तर. नाईक काढून टाकला सरकारनं. आता शिपायाचा सरळ हवालदार."

खरं होतं ते. २०२२ साली महाराष्ट्र पोलिसांतलं 'पोलीस नाईक' हे पद रद्द झालं. शिपाई, हवालदार आणि सहायक फौजदार एवढ्याच पायऱ्या राहिल्या. मी फिती उलट्या केल्या. मागं पांढऱ्या दोऱ्याचे दोनतीन तुकडे अडकलेले होते, टाके अगदी लहान आणि सारखे.

"हे तुम्ही शिवलं?"

"मी कशाचा? हिनं. रात्री ऑर्डर कळली, सकाळी परेडला फिती पाहिजेत म्हणली. कंदिलाच्या उजेडात शिवल्यात." मग जरा थांबून म्हणाले, "एक टाका बोटातबी घेतलाय तिनं. बघा, डाग असंल."

होता. माझ्या सोळा राज्यांच्या वहीत, दिव्याखाली न धरता, न जाळता, तारीख निघालेला तो एकच नग आहे.

त्या रात्री मला लाज वाटली. सारलँड कधी कुणाकडं गेलं ते मला तोंडपाठ. आणि मी ज्या जिल्ह्यात जन्मलो, तो काय कमी वेळा उसवून शिवलाय? हिशोब मांडून बसलो. पूर्वी जिल्हा नळदुर्गाच्या नावाचा. १८५३ साली निजामानं वऱ्हाडाबरोबर तो इंग्रजांकडं लावून दिला, तेव्हा नळदुर्गाच्या किल्ल्यात कारभाराला कोण बसला, तर मेडोज टेलर. ठगाची कहाणी लिहून विलायतेत गाजलेला कप्तान. १८६० साली जिल्हा परत निजामाकडं. मग सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खानाचं, नाव गावाला आलं. त्या अमदानीत ठाण्यात फौजदार नसे, अमीन असे. कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणत. आमचे आजोबा मरेपर्यंत पोलिसाला 'अमीनाचा माणूस' म्हणत राहिले. १९४८ च्या सप्टेंबरात सोलापूरकडून भारतीय फौज आली ती पहिल्याच दिवशी नळदुर्गापाशी बोरी नदीच्या पुलावर. त्या साऱ्या प्रकरणाला नाव पडलं 'पोलीस अ‍ॅक्शन'. रणगाडे फौजेचे, तोफा फौजेच्या, सेनापती फौजेचा आणि नाव पोलिसांचं! पोलिसी बिल्ले जमवणाऱ्याला याहून मोठी थट्टा कुठली?

पुढं १९५६ च्या पहिल्या नोव्हेंबरला आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो. दोन महिन्यांनी सारलँड जर्मनीत गेलं. म्हणजे त्या हिवाळ्यात सारब्र्युकनचा शिपाई आणि उस्मानाबादचा शिपाई, दोघंही एकाच प्रश्नात असणार: जुना बिल्ला काढायचा केव्हा आणि नवा येणार केव्हा? १९६० साली महाराष्ट्र झाला. १९८२ साली लातूर आमच्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला. धाकटा भाऊ वेगळा निघून वरचढ व्हावा, तसा झालाही. आणि २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं.

नाव बदललं, पण टप्प्याटप्प्यानं, शिंप्याला सवड होईल तसं. कचेरीवरची पाटी आधी बदलली, स्टेशनावरची २०२५ साली. गाड्यांवरचा एमएच-२५ कुणी हलवला नाही; तो आकडा असल्यानं त्याला इतिहास नाही. दुकानांच्या पाट्यांवर कुठं नवं नाव रंगवलंय आणि ऊन तिरपं पडलं, की खालून जुनं दिसतं. सगळ्यात ठाम राहिली ती आमची शेळी. काळीकुळकुळीत, एका वेताला दोन करडं देणारी, देशभरच्या पशुवैद्यांच्या पुस्तकात गेलेली, 'उस्मानाबादी' जात. तिच्या नावानं अजून तरी राजपत्र निघालेलं मी पाहिलं नाही. बाजारात परवा एका गिऱ्हाइकानं मुद्दाम विचारलं, "धाराशिवी शेळी केवढ्याला?" विकणारा म्हणाला, "ती न्हाई आपल्याकडं. ही उस्मानाबादी हाय, असली."

असली-नकलीचा हा घोळ आमच्या मातीतच आहे, याचा पुरावा मला तेरला मिळाला. तेर आमच्याच जिल्ह्यातलं. पहिल्या शतकातल्या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्यानं आपल्या प्रवासाच्या टाचणात 'तगर' म्हणून त्याची नोंद केली आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि इथलं सुती कापड गाड्या भरभरून भडोचच्या बंदराला जातं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आम्ही विलायतेला कापड पाठवत होतो. मी ते तळहाताएवढ्या तुकड्यांनी परत आणतोय, एवढंच. तिथं रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होऊन गेले. पांढरीच्या मातीतून पावसाळ्यात जे वर येई ते आयुष्यभर वेचत राहिले. मणी, बाहुल्या, नाणी, खापरं. त्यांच्या संग्रहावर आज सरकारचं संग्रहालय उभं आहे, त्यांच्याच नावाचं. त्यांच्याही घरी कुणीतरी "ही खापरं आधी अंगणात ठेवा" म्हणालं असणार, याबद्दल माझी खात्री आहे.

तेरच्या मातीतून निघणाऱ्या वस्तूंत एक प्रकार आहे: रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला. दोऱ्यात ओवून गळ्यात घालण्यासाठी केलेल्या. मी तर तिथंच पायरीवर बसलो. खरं सोन्याचं नाणं परवडत नाही, म्हणून परदेशी राजाचा छाप मातीत उठवून, भाजून, गळ्यात घालून आमचा कुणी पूर्वज तगरच्या पेठेतून मिरवत गेला होता! सोलापूरच्या त्या कारागिराचा मूळपुरुष इथलाच. आणि गंमत बघा, त्या नकलेची किंमत आता अशी झालीय, की ती काचेच्या कपाटात आहे. नक्कल पुरेशी जुनी झाली, की अस्सल होते.

याच तेरचे गोरोबाकाका. संतांच्या मेळ्यात कोण पक्कं आणि कोण कच्चं, ते बघायला त्यांनी मडकी थापटायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं, अशी कथा आहे. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढे रागावले आणि कच्चे ठरले. तारीख काढायच्या माझ्या साऱ्या परीक्षा, दिवा, काडी, भिंग, त्या एका थापटण्यापुढं पोरखेळ. शिवाय त्यात शिकण्यासारखं असं, की कच्चं ठरलेलं मडकंच पुढं सगळ्यांत जास्त टिकलं. म्हणून माझ्या वहीत शेवटी एक पान 'बाद' मालाचं आहे, आणि साबणात धुतलेलं सारलँड त्या पानावर नाही. ते पहिल्या पानावर आहे. खाली टीप आहे: 'मूळचा. चमक आमच्या घरची.'

आता शेवटची हकीकत. सारलँडच्या त्या गृहस्थांना मी गेली काही वर्षं पत्रं पाठवतोय. पाकिटाच्या मागं माझा मास्तरकीतला रबरी शिक्का मारतो: नाव, शाळेची पदवी, 'जि. उस्मानाबाद'. नाव बदललं तेव्हा नवा शिक्का करायला आमच्यानं काही बाजारात जाणं झालं नाही. मग शिक्का मारायचा, 'उस्मानाबाद'वर पेनानं आडवी रेघ ओढायची आणि वर 'धाराशिव' लिहायचं. एकदा निळं पेन संपलं होतं, तेव्हा लाल वापरलं. पुढं बायकोनं कंटाळून नवा शिक्का करून आणला.

मागच्या महिन्यात त्यांचं पत्र आलं. लिहितात, की तुमची सगळी पाकिटं मी नीट लावून ठेवली आहेत. तीन प्रकार पडतात. पहिला, जुनं नाव. दुसरा, जुनं नाव खोडून हातानं नवं. तिसरा, नवं नाव छापील. देवनागरी येत नाही, पण आकारावरून वेगळे काढले. दुसरा प्रकार संधिकाळातला, म्हणून मोलाचा. त्यातही लाल शाईचा एकच नमुना माझ्याकडं आहे आणि तो आमच्या मंडळींना फार आवडला. जुना शिक्का अजून जवळ असेल, तर लाल शाईच्या आणखी पाच पाकिटांची मेहेरबानी कराल का?

मी पत्र वाचून दाखवलं. म्हणजे सात हजार किलोमीटरवर कुणीतरी भिंग लावून आमची तारीख काढत बसलं होतं. बायको वाटाणेच सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"पीस किती म्हणाले?"

"पाच."

"शंभर घेतले तर स्वस्त पडेल म्हणावं," ती म्हणाली, "आणि जुनी पाहिजे असतील तर चहा टाकते."